हिरव्या दगडावरचा शेंदूर

मसाल्याचं दगडफूल कढईत पडलं की आम्ही दोघी, मी आणि आई, अजूनही दाराकडे बघतो. नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षाचा मालवणी मसाला घरी भाजणारं आता आमचंच घर उरलंय. त्या दिवशी दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर धुराने जीव जाईल. आणि त्या उघड्या दारातून समोरच्या ब्लॉकमधले घाडी सर खोकत खोकत आत यायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट ओट्याजवळ जाऊन परातीतलं दगडफूल चिवडायला लागायचे.

सरांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असायचं, बायकांच्या मंगळसूत्रासारखं, कायम. ते डोळ्याला लावून परातीतला एकेक काळपट तुकडा उलटासुलटा बघायचे. मधेच एखादा उचलून म्हणायचे, "हा केवढा वयस्कर होता, वयनी. आणि तुम्ही त्याला तेलात परतणार."

आई म्हणायची, "मास्तरानू, मग रातच्याक कोंबडी खावच्याक येव नुको."

सर तो तुकडा मुकाट परातीत परत ठेवायचे. आणि रात्री बरोबर जेवायला हजर. दोन वेळा रस्सा मागून घ्यायचे आणि म्हणायचे, मी गुन्हेगार आहे, पण मला जीभही आहे. ही त्यांची थट्टा आहे असंच मला कित्येक वर्षं वाटत होतं.

सर घाटकोपरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पण फुलं, झाडं, वेली यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आमच्या सोसायटीतला गुलमोहर फुलला की लोक फोटो काढायचे आणि हा माणूस त्याच्या बुंध्याला नाक लावून उभा. दगडफूल म्हणजे फूल नव्हे, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचारलंत तरी सांगेन. एक बुरशी आणि एक शेवाळ अशा दोघांनी मिळून थाटलेला तो संसार असतो. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. सर म्हणायचे, वर्षाला नखाएवढंही वाढत नाही, पण दोघांतलं एकही दुसऱ्याला सोडून जात नाही. काकू, म्हणजे सरांची बायको, गेल्यानंतर त्यांनी हे वाक्य म्हणणं सोडलं, ते माझ्या लक्षात आलं होतं.

बिल्डिंगमध्ये त्यांना थोडं चक्रम समजत. समजणारच ना! कंपाउंडची भिंत रंगवायला काढली तेव्हा उत्तरेकडचा दगडफूल आलेला चार हातांचा तुकडा तसाच ठेवा म्हणून हे मीटिंगमध्ये हात जोडून उभे राहिले. सेक्रेटरी चिडला. म्हणाला, सर, लोक काय म्हणतील, पैसे संपले वाटतं. सर म्हणाले, माझ्या नावाची पाटी लावा तिथे. पाटी कोणी लावली नाही, पण तेवढा तुकडा अजून रंगाशिवाय आहे. नवीन भाडेकरू त्याबद्दल विचारतात आणि वॉचमन गंभीरपणे सांगतो, ती सरांची भिंत.

एकदा मी कुर्ल्याच्या पुढे एक ब्लॉक बघायला गेले. कोणी वडीलधारं बरोबर असावं म्हणून सरांना नेलं. एजंट बिचारा मॉड्युलर किचन दाखवतोय, चोवीस तास पाणी दाखवतोय, आणि सर खाली रस्त्यावर. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे, भिंग लावून. आजूबाजूचे लोक बघायला लागले. एकाला वाटलं झाडं तोडायला पालिकेचा माणूस आलाय, तो भांडायलाच उठला. अर्ध्या तासाने सर वर आले आणि घरात पाऊलही न टाकता मला म्हणाले, "विद्या, इथे एकाही झाडावर दगडफूल नाही गो. साधा पांढरा ठिपका नाही. ती इथे राहत नाहीत, तर तू कशाला राहतेस?"

एजंटने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घालून जिना उतरले. संतापले होते. ब्लॉक घेतला नाही तो मात्र नाहीच.

आता त्या दगडाबद्दल सांगते, कारण सर म्हणजे तो दगड.

सरांच्या बाल्कनीत, सावलीच्या कोपऱ्यात, लाकडी पाटावर एक दगड होता. साधारण पोळपाटाएवढा, पण जाड. हिरवा. शेवाळी हिरवा नव्हे, दगडच मुळात हिरवा, मधून काळ्या रेघा, हात लावला तर साबणासारखा गुळगुळीत. सापाच्या कातडीसारखा दिसतो म्हणून त्याला सर्पेंटाइन म्हणतात, असं सर सांगायचे. तो कणकवलीच्या आतल्या डोंगरातून आणलेला, सरांच्याच गावाजवळून. गावात त्या डोंगराला बोडको डोंगर म्हणतात, कारण तिथे झाड उभं राहत नाही. ह्या दगडाची जी माती होते तिच्यात झाडाला हवं ते कमी आणि नको ते भरपूर, निकेल काय, क्रोमियम काय. गवत उगवतं तेही खुरटं, पिवळं. सर म्हणायचे, खाष्ट सासूचं घर आहे ते, सुना टिकत नाहीत. पण त्या दगडावर केशरी रंगाच्या दगडफुलाची एक खपली होती, तळहातापेक्षा मोठी, कडेला नक्षी काढल्यासारखी. ती तिथे नांदत होती. सर म्हणायचे, जिथे गवताने हात टेकले तिथे ही माझी बाई उभी आहे. आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते मी त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते बाल्कनीत जायचे. पावसाचं साठवलेलं पाणी एका फवाऱ्याच्या बाटलीत भरलेलं असायचं. नळाचं पाणी चालायचं नाही. पाण्याचं धुकं त्या दगडावर उडवायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा विचारलं काय बोलता. म्हणाले, काही नाही गो, चौकशी करतो.

सोसायटीतली पोरं त्यांच्याकडे जादू बघायला जायची. सरांकडे कागदाच्या पुड्यांत जुनी, कधीच मेलेली केशरी खपली होती. तिच्यावर ते एका छोट्या बाटलीतून पोटॅशचा थेंब टाकायचे आणि केशरीचं एकदम जांभळं व्हायचं. पोरं ओरडायची, सर, बाल्कनीतल्या दगडावर टाका ना. सर बाटलीला बूच लावायचे. म्हणायचे, जिवंत माणसाला उगाच टोचून बघायचं नसतं.

दर वर्षी मे महिन्यात एक नाटक व्हायचं. सर जाहीर करायचे की यंदा दगड गावी नेऊन त्याच्या जागी ठेवणार. तो तिथला आहे, त्याला तिथे पोचवल्याशिवाय मी मरायला मोकळा नाही, असं अगदी सरळ आवाजात सांगायचे. मग जुन्या चादरी काढायचे, खोका आणायचे, गाडीची चौकशी करायचे. आणि मेच्या शेवटी काहीतरी निघायचं. ऊन फार आहे. कंबर धरली आहे. मेघनाला, म्हणजे त्यांच्या ठाण्याच्या मुलीला, सुट्टी नाही. खोका परत माळ्यावर. मला राग यायचा. मी एकदा तोंडावर म्हटलं, सर, तुम्हाला न्यायचाच नाहीये. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, खरं आहे. पण का ते सांगितलं नाही.

आई ह्या सगळ्याकडे आपल्या पद्धतीने बघत होती. माझी आई मालवणकडची. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तरी आईचं मालवणी बंद पडलं नाही. तिचं साधं गणित. सर घाडी. त्यांच्या गावात घाड्यांचा मान देवाला गाऱ्हाणं घालण्याचा. सरांचे वडील जत्रेत देवळासमोर उभे राहून गावाच्या वतीने देवाशी बोलायचे आणि अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा. सर मात्र शिकले, मुंबईला आले आणि देवळाची पायरी चढेनासे झाले. वडिलांनंतर गाऱ्हाणं घालायला त्यांना बोलावलं तर म्हणाले, मला जमणार नाही, माझा विश्वास नाही. गाव दुखावला. हे सगळं आईला माहीत होतं. आणि हाच माणूस रोज आंघोळ करून एका दगडावर पाणी घालतो, पुटपुटतो, आणि दगडावर शेंदूर! मग हा देव नाही तर काय? सर लाजून सांगत नाहीत एवढंच.

मी तिला दगडफुलाचं सगळं समजावलं होतं. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि म्हणायची, "तुका काय कळता."

दोन वर्षांपूर्वी श्रावणाच्या आधी सरांच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं आणि मग मेघना त्यांना ठाण्याला घेऊन गेली. जाताना किल्ली आणि फवाऱ्याची बाटली त्यांनी आईच्या हातात दिली. मला नाही, आईला. मी ऑफिसच्या गडबडीत विसरेन म्हणून. पाणी कुठल्या कॅनमधलं, किती, कोणत्या वेळी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, वयनी, ह्यालाच सांभाळा, बाकी घर चोरीला गेलं तरी चालेल.

आईने ते मनावर घेतलं. रोज सकाळी आंघोळ करून समोरच्या घरात. ठाण्याला फोन करून सरांना दगडाची खुशाली द्यायची, मग स्वतःची. एक दिवसही चुकली नाही. सर परत येणार म्हणून मेघनाचा फोन आला आणि ते यायच्या आदल्या दिवशी तर तिने सरांचं अख्खं घर झाडून पुसून काढलं. मी संध्याकाळी ऑफिसमधून आले तर ही दारातच उभी, चेहरा उजळलेला. मला हात धरून समोरच्या बाल्कनीत घेऊन गेली.

"बघ गो, देव कसो हसता."

दगड चकचकीत होता. मधोमध नवाकोरा शेंदूर, तेलात कालवून लावलेला, दाट. वर जास्वंद. पाटाखाली रांगोळी.

आमच्याकडे जुन्या देवावर वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो, त्याचं कवच होतं, खपल्या सुटायला लागतात. मग एखाद्या चांगल्या दिवशी ते जुनं कवच उतरवतात, मूळ देव मोकळा करतात आणि नवा शेंदूर लावतात. मोठं पुण्याचं काम. आईने तेच केलं होतं. गरम पाणी, नारळाची शेंडी आणि कडेला उलथणं. म्हणाली, लय घट्ट बसलो होतो, पण सोडूक नाय. अख्खी दुपार लागली. दुखरा खांदा घेऊन तिने अख्खी दुपार ते केलं होतं, सर बरे झाले म्हणून.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि मग तिला सांगितलं. या वेळी सगळं नीट सांगितलं, ओरडून सांगितलं, आणि या वेळी तिला ते कळलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. नखांत अजून केशरी होतं.

मग माझं डोकं चालायला लागलं. म्हटलं, आई, हा शेंदूर पुसून टाकू. सांगू की आपोआप वाळून गळून पडलं. त्यांची छाती आत्ताच कापलेली आहे, धक्का बसायला नको. मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

आई म्हणाली, "खोटा बोलूचा नाय माका. माझ्या हातान पाप घडलाहा. मी सांगतलंय."

रात्री ती जेवली नाही. मसाल्याचा डबा उघडला तरी रडत होती.

दुसऱ्या दिवशी सर आले. बारीक झाले होते, शर्टात हरवल्यासारखे. मेघना सामान आणायला परत खाली गेली. सर सोफ्यावर न बसता भिंत धरत धरत बाल्कनीकडे निघाले. आई त्यांच्या मागे, मी आईच्या मागे. शेंदूर तसाच होता. आईने मला हात लावू दिला नव्हता. दारातूनच सरांना ते केशरी दिसलं. चष्मा खाली सामानात राहिला होता.

"अरे वा," सर म्हणाले, "वयनी, रंग काय आलाय बघा. माझ्यापेक्षा हिची तब्येत सुधारली."

सर जवळ गेले, खाली वाकले, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग बोट लावलं. बोट केशरी झालं. ते बोट त्यांनी नाकाशी नेलं. तिळाचं तेल.

आईने त्यांच्यासमोर पदर पसरला. शहात्तर वर्षांची बाई, तिच्याहून लहान माणसासमोर पदर पसरून उभी. म्हणाली, "मास्तरानू, मी केलंय. माका वाटला देव असा. जुनो शेंदूर काढलंय. माका काय ती शिक्षा द्या."

सर तिथल्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या छातीकडेच बघत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दगडाकडे बघत राहिले, मग आईच्या पदराकडे, आणि तिला म्हणाले, पदर खाली घ्या आधी. मग त्यांनी ते सांगितलं, जे इतकी वर्षं आमच्या समोर राहून सांगितलं नव्हतं.

तरुणपणी त्यांना डॉक्टरेट करायची होती. विषय होता मुंबईची हवा. ही केशरी खपली दगडावरून सोडवता येत नाही, सोडवली की मरते. म्हणून ते बोडक्या डोंगरावर छिन्नी हातोडा घेऊन गेले आणि दगडासकट कापून आणली. टोपल्याच्या टोपल्या. मग ते दगड कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत जागोजागी ठेवले. गच्च्यांवर, स्टेशनाजवळ, कारखान्यांच्या भिंतींवर. आणि दर आठवड्याला जाऊन बघायचे की कुठली किती मेली. कुर्ल्याची आधी पांढरी पडली. मग घाटकोपरची. जेवढं पटकन मरण, तेवढी हवा वाईट. हाच प्रयोग होता, त्या मरायलाच आणल्या होत्या. नाहूरच्या बाल्कनीतली तेवढी मेली नाही. का मेली नाही ते त्यांना कधीच कळलं नाही.

"वयनी," सर म्हणाले, "तुमच्या हातून नकळत झालं. मी कळून केलं. आणि डॉक्टरेट मिळाली म्हणून वर पेढे वाटले."

आई ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, की मग इतकी वर्षं दगड गावी का नेला नाही. सर म्हणाले, डोंगरावर जिथून कापले तिथे खड्डे आहेत. एकदा लांबून बघितले होते. जवळ जायचं धाडस झालं नाही. ज्यांच्या घरातली इतकी माणसं नेली, त्यांच्या दारात एकच परत घेऊन कसं जायचं?

पुढचे काही दिवस आमच्या दोन्ही घरांवर सुतक असल्यासारखं होतं. पण एक गोष्ट झाली. आई आणि सर, दोघं मिळून त्या दगडाच्या मागे लागले. कापसाच्या बोळ्यांनी तेल टिपून घेतलं, थोडं थोडं, एक जण धरणार, दुसरा टिपणार. मी चहा घेऊन जायचे तर दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. आईने पहिल्यांदाच ते भिंग डोळ्याला लावलं. आणि त्या दगडाच्या एका चिरेत, उलथणं पोचलं नव्हतं तिथे, एक केशरी ठिपका निघाला. मोहरीएवढा.

शेंदूर की ती?

सरांकडे पोटॅशची बाटली होती. एक थेंब टाकला असता तर लगेच कळलं असतं. जांभळं झालं तर ती, नाही झालं तर शेंदूर. पण होतं तेवढंच होतं, आणि थेंब टाकला की तेही संपलं. मी म्हटलं, सर, बघून तर घ्या, म्हणजे जिवाला स्वस्थता. सरांनी बाटली हातात घेतली, बघितली, आणि आईकडे दिली. आईने ती मोरीत ओतून रिकामी केली.

आई म्हणाली, "आता ह्येका घराक न्हेया." सर म्हणाले, तिथले शेजारचे दगड असतील त्यांच्यावर थोडी उरली असेल. शेजार असला तर ह्या खपल्या सरकत सरकत येतात. आपण दोघंही नसू तेव्हा, वयनी. आई म्हणाली, नसू तर नसू.

डॉक्टर नको म्हणत होते. मेघना रडली, भांडली, शेवटी तीच गाडी घेऊन आली. त्यानंतरचं मला तिने फोनवर सांगितलेलं आहे. दगड सरांनी स्वतः त्याच्या जागेवर ठेवला, गावातल्या दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं होतं. गावच्या घरात ते राहिले आणि त्या थंडीतच गेले. ठिपक्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि वाढला असला तरी अजून दिसायचा नाही. ही सगळी ऐकीव गोष्ट. मी सरांना शेवटचं बघितलं ते आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी.

सकाळची वेळ होती. दुधाच्या पिशव्या येत होत्या, शाळेच्या बसचा हॉर्न वाजत होता. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि सीटवर दगड, आईच्या जुन्या मऊ लुगड्यात बांधलेला, वरचं तोंड उघडं. सर बसायला वाकले आणि पुन्हा सरळ झाले. मेघना म्हणाली, बाबा, बसा ना. सर म्हणाले, थांब. पायातल्या चपला काढल्या. हात जोडले. मला वाटलं आईला नमस्कार करतायत. पण ते दगडाकडे तोंड करून उभे होते, सरांच्या त्या न रंगवलेल्या भिंतीच्या बाजूला, आणि त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. वर्गातला नव्हता, पुटपुटण्याचाही नव्हता. त्यांच्या वडिलांचा असणार.

"बा देवा म्हाराजा!"

आई क्षणभर चमकली. मग तिच्या तोंडून आपसूक आलं, "व्हय म्हाराजा."

"बोडक्या डोंगरावरसून तुका उचलून हय आणलंय, तुझी भावंडा धुरात ठेवन मारलंय, ती चूक माझी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज तुका तुझ्या जाग्यार न्हेतंय. दारात उभो रवान दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

वॉचमनने टोपी काढली होती. सरांना धाप लागत होती, मेघना पुढे झाली तर त्यांनी हाताने तिला थांबवलं.

"आणि ह्या माउलीच्या हातान काय चूकभूल झाली असात, ती माझ्या नावार घाल म्हाराजा."

आई गप्प.

गाऱ्हाण्यात असं होत नाही. घालणारा बोलला की सोबतच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचंच, त्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. सर डोळे मिटून वाट बघत होते. मी आईला कोपराने ढोसलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पदर खांद्यावरून घेतला, सरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि दगडाला म्हणाली,

"नाय म्हाराजा. अर्धी माझी."

सरांनी डोळे उघडले. आईकडे बघितलं. मग पुन्हा दगडाकडे तोंड केलं, आणि हळू आवाजात तेच म्हणाले,

"व्हय म्हाराजा."